तक्रारवही

पहाटे पाच पन्नास.
खांबावरचा कर्णा खाकरतो.
मग वस्तीचा प्रमुख कचऱ्याच्या गाडीचा वार सांगतो,
कुणाच्या हरवलेल्या पाकिटाचं वर्णन करतो,
आणि मधेच एक लोकगीत लावून देऊन
बहुधा कॉफी प्यायला जातो.

मी लिहितो: ५.५०. कर्णा. एकोणीस मिनिटं.

ऑल्बोर्गच्या गोदीत एकतीस वर्षं
मी इंजिनाला कान लावून त्याचं दुखणं सांगायचो.
कान तयार आहेत माझे.
घोळ तोच आहे.

इथे, खोन केनमध्ये, ऐकायला फार आहे.
समोर अकरा मजल्यांची जाहिरात उभी आहे,
इमारत अजून तिसऱ्यावर अडलेली.
सात कुत्री, त्यातलं एक फक्त पोस्टमनसाठी.
मागच्या गल्लीत कुणाचा मुलगा भिक्खू होणार,
त्या शांतीची वर्दी तीन दिवस स्पीकरवरून.
आणि गटार. गटाराला आवाज नाही,
म्हणून त्याच्यासाठी वेगळा रकाना.

जानेवारीत उसाचे फड पेटतात.
दुपारी पाचटाची राख उतरते, सावकाश, वळत वळत.
काळं बर्फ म्हणतात तिला
बर्फ कधीच न पाहिलेली माणसं.
मी पाहिलंय. दोरीवरच्या बनियनवरून
झटकायला गेलं
तर ते असं शेपूट काढत नाही.

गुरुवारी आम्ही पाचसहा परके तळ्याकाठी बसतो.
लीव्हनचा फोन धूळ मोजतो: एकशे ऐंशी.
डगल म्हणतो, माझ्या गल्लीत दोनशे बारा,
आणि छाती जरा पुढे काढतो.
पूर्वी इथे म्हशी होत्या, कुणीतरी म्हणतं.
म्हशींबद्दलही तेव्हा तक्रार होतीच,
पण ती वही कुणाकडे उरलेली नाही.

पा साइबुआ शेजारी राहते.
चार वाजता उठून चिकट भात वाफवते,
सहाला गाडा ढकलत निघते.
(४.१०. टोपाचं झाकण. ५.२५. गाड्याचं डावं चाक.)
एका संध्याकाळी कुंपणाशी थांबून म्हणाली,
एवढं काय लिहितोस रे? हिशेब?
मी वाचून दाखवलं, माझ्या मोडक्या थाईत.
कुत्र्यांना ती खूप हसली.
तपकिरी त्या टोळीतलं नव्हे, म्हणाली,
ते नुसतंच बरोबर असतं.
झाकण आणि चाक मी गाळलं.

मग तिने पानं उलटून पाहिली,
अक्षर लागत नव्हतं तरी.
आणि ते?
बोट माझ्या भिंतीकडे.
एसीची पेटी, माझ्या झोपेच्या नेमकी मागे,
तिच्या खिडकीच्या नेमकी समोर.
गरम वारा तिच्या उशाशी,
थेंब तिच्या पुदिन्यात.
सहा वर्षं.

बोलली का नाहीस?
भीड पडली, म्हणाली,
आणि गाड्यावरचं फडकं पिळायला लागली.

आमच्याकडे हा शब्द नाही.
आम्ही पत्र लिहितो.
नगरपालिकेला एक, सोसायटीला प्रत.

त्या रात्री पेटी बंद केली.
खिडकी उघडली तर आधी राख आली,
मग डास, मग गटार,
मग लांबच्या हमरस्त्यावर गिअर बदलणारे उसाचे ट्रक.
दुसऱ्याचं कोळून झालं आहे, मी अंथरुणातूनच ओळखलं.
अंगाखालची चादर ओली.
पेटीच्या घरघरीखाली एवढं सगळं होतं
आणि मी वर्षानुवर्षं
वही भरत होतो.

मग भिंतीपलीकडे, अगदी हाताच्या अंतरावर, खोकला.
कोरडा, दोन दोनच्या ठेक्यात.
थांबतो, पुन्हा दोन.
असा आवाज इंजिनाने केला असता
तर मी बोट किनाऱ्याला आणायला सांगितली असती.

दिवा लावला.
११.४०, पा साइबुआ, एवढं लिहिलं.
आता रकाना शोधतो आहे.