तेल वर येण्याआधी

पहिला थर आम्ही ओतला मंगळवारी.
शनिवारी तो नखानं निघाला,
उन्हानं भाजलेल्या खांद्यावरची साल निघते तसा,
अखंड, पारदर्शक.
खाली कोकोबोलोची फळी
लाल, तुकतुकीत, काही झालंच नाही अशी.

एलिएसेरनं पापुद्रा उजेडाकडे धरला.
रेषान् रेषा उमटली होती त्यात.
लाकडानं सही दिली होती,
हात दिला नव्हता.

निकोयाच्या या शेडमध्ये माझं हे सहावं वर्ष.
ग्वानाकास्तेचं लाकूड तहानलेलं, लावाल ते पितं.
हे मात्र आतूनच भरलेलं.
दोन्या ओदिलीच्या गोठ्यामागं उभं होतं,
वादळात आडवं झालं,
दोन वर्षं पत्र्याखाली वाळलं,
तरी रंधा फिरला की घाम फुटतो.
झाडानं हे तेल मुरवलं वाळवीसाठी, बुरशीसाठी, पावसासाठी.
आम्ही त्या यादीत नाही,
हे त्याला कोण सांगणार?

चूक शोधायची तर सगळी दारं ठोठावायची, एलिएसेर म्हणतो.
तराजू तपासला. दोनास एक, बरोबर.
हार्डनरच्या डब्यावरची तारीख पाहिली. बरोबर.
ऑक्टोबर, हवा ओल्या टॉवेलसारखी.
दुसऱ्या थरावर सकाळी दुधट साय धरलेली,
बोटाला मेणासारखी लागणारी.
कोमट पाण्यानं ती गेली.
तो हवेचा दोष, हवेला माफ केलं.
पण मधोमध डोळे उमटले होते,
माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे,
दारातूनच परतलेल्या पाहुण्यासारखी
राळ तिथून मागं सरकलेली.
आणि एका कडेला ती सुकेचना.
नवव्या दिवशीही अंगठ्याचा ठसा उठत होता.
माझा अंगठा. तो मी कुणाला दाखवला नाही.

मग पुन्हा सगळं खरवडलं.
भुसा नारिंगी, मनगटं नारिंगी,
रात्री पुरळ, खाज, झोप नाही.
आई म्हणाली, लग्नाची मेंदी का गं ही?
मी म्हटलं, लाकडाशी सोयरिक चाललीय,
तेच नाही म्हणतंय.

एलिएसेरनं तेव्हा खिडकीखालची बाटली काढली,
मेण काढलेली लाख, स्पिरिटात विरघळवलेली.
दोघांचं पटत नसेल तर
मध्ये दोघांच्या ओळखीचं कुणी बसवावं.
लाख तेलालाही धरते, राळेलाही.
किड्यांनी फांदीवर केलेली वस्तू,
तिला लाकडाशी बोलायची सवय आहे.

फळी अ‍ॅसिटोननं पुसायची.
पहिलं फडकं नारिंगी.
दुसरं नारिंगी.
चौथं नारिंगी, शिव्या.
सातवं, जुन्या कागदासारखं.
आता वीस मिनिटं, तो म्हणाला,
तेल पुन्हा वर येण्याआधी.
त्याच्या बायकोचं अंडी उकडायचं घड्याळ
टेबलाच्या पायाशी टिकटिकत होतं.
आम्ही कुंचला ओढत होतो, श्वास धरून,
जणू झोपलेल्या कुणाच्या अंगावर
पांघरूण घालतोय.

लाख सुकली. हलकं घासलं.
राळ ओतली, पातळ, अगदी पातळ,
दिवे लावून, दारं लावून,
डासांना बाहेर ठेवून.
पाच डास तरी आत आलेच.
एक अजून तिथंच आहे, पाय पसरून.

दहाव्या दिवशी एलिएसेरनं कोपऱ्यात सुरी घालून पाहिली.
सुरी अडकली.
तो हसला नाही, पण रेडिओ लावला.

टेबल पोचवायला गेलो तेव्हा
कॉर्नर खिडकीकडे येईल असं बघून ठेवला,
तिथं एक डोळा राहिलाय, मसुराएवढा.
दोन्या ओदिलीनं लाल खोलीत हात फिरवला,
झाडाच्या पाठीवरून फिरवावा तसा,
काही क्षण.
मग कपाटातून अननसांचं छापील मेणकापड काढलं,
झटकलं,
आणि सगळ्यावर पसरलं.

डाग पडतील ना, म्हणाली.
कॉफी दिली, गरम, कडू.
एलिएसेर कपाकडे बघत राहिला.
मी मेणकापडाखाली बोट सरकवलं,
थंड, सपाट, घट्ट.
मनगट मात्र अजून खाजतंय.