मोजणी

रेवदंड्याच्या चुनेकर आळीत फीत धरून उभा आहे.
तोंडाशी नऊ फूट, पुढे अकरा,
मग आळी उगाचच डावीकडे वळते.

इथं शिंपल्यांची भट्टी होती, हसीना मुकादम सांगतात,
धुराला वळसा घालून जायचो.
भट्टी विझली तेव्हा मी दुसरीत होते.

सहा नंबर: जांभा, मंगळुरी कौलं.
एका कौलावर मांजराचं पाऊल,
माती ओली असतानाचं.

आठ नंबर: चौकटीला उजवीकडे तिरकी खाच.
मेझुझाची. झिराडकर तेल्यांचा घाणा
शनिवारी गप्प असायचा.
ती माणसं आगबोटीनं गेली, परत पत्र नाही.
आता धाकू नाखवा राहतो.
दर दिवाळीला दार रंगवतो, निळं,
आणि खाचेशी ब्रश उचलून घेतो.
"त्यांचं आहे ते."

सात नंबर नाही.
नोंदवहीत आहे: घरपट्टी बारा आणे, भरली.
इथं मात्र सहाला चिकटून आठ,
मध्ये वीतभर फट, शेवाळ, एक चप्पल.

फटीत फीत सोडली.
चार फूट. सात. अकरा.
अजून कशाला टेकली नाही.

हसीनाबाई म्हणतात, राहू दे रे,
चहा निवतोय.