कातरखड्याच्या चर्चची मापं

टेपचं एक टोक बाच्या हातात,
दुसरं माझ्या.
मधे एकशे तेरा वर्षांचा काळा दगड.
दुरुस्तीआधी नकाशा पाठवा, धर्मप्रांताचं पत्र आलंय,
आणि मूळ नकाशा कुठंच नाही.
फादर ओगुस्तनं तो म्हणे
सारवलेल्या अंगणात काठीनं काढला,
रात्री त्यावरून शेळ्या फिरल्या,
सकाळी पुन्हा काढला.
डावी भिंत उजवीपेक्षा नऊ इंच जास्त भरते.
'शेळ्यांची चूक,' बा म्हणतो.
मी तसंच लिहून घेते.

ओगुस्त जिभेला जड,
गावानं त्याचा अगस्ती केला.
समुद्राच्या पलीकडून आलेला, दाढीवाला,
आडाचं मचूळ पाणी मुकाट पिणारा,
त्याला दुसरं काय नाव शोभणार होतं?

फ्रान्सात, डोंगरात, त्याच्या गावचं चर्च होतं
आठशे वर्षांचं.
त्याच्या आजानं त्याला चुना लावलेला,
बापानं घंटेचा दोर ओढलेला.
तेच त्याला इथं हवं होतं,
गंगापूरच्या मुलखात, बाभळी न् बाजरीत:
उगवतीला वेदी, तिची पाठ गोल,
हातभर जाड भिंती, चिंचोळ्या खिडक्या,
आणि माथ्याला टोक असलेली कमान.

भीती त्याला कमानीचीच होती.
चिखलाचा नमुना करून आणला,
खुणांनी सांगू लागला,
दोन वर्तुळं, अशी, एकमेकांत शिरलेली...
सटवाजी वडार तंबाखू मळत बघत राहिला.
मग म्हणाला, 'बाबा, खुलताबादेत आमच्या वाडवडलांनी
हिच्याच खाली पीर निजवलेत.
तुमच्याकडं कधी आली ही?'

त्यावर अगस्तीबाबा किती वेळ हसला
ते दप्तरात नाही.
दप्तरात नुसता खर्च, हाली रुपयांत:
चुना, गूळ, बेलफळं, उडीद.
घंटा मनमाडपर्यंत रेल्वेनं, पुढं गाडीनं.
वाटेत एक बैल मेला, त्याचे पंचवीस.
खांबांवरच्या कमळाचा खर्च लावलेला नाही.
ते कुणी सांगितलं नव्हतं,
सटवाजीच्या हातून आपसूक उमललं,
थोरल्या देवळांतल्या खांबांवर असतं तसंच.
बिशप आले, पाहिलं,
आणि पुढं चालू लागले.

छपराचा कोन मात्र माझ्या हिशेबात बसेना.
साठ अंश.
इथं, जिथं धाबी सपाट, पांढऱ्या मातीची,
उन्हाळ्यात वर अंथरूण टाकायची.
बानं त्याच्या बापाला विचारलं होतं, बापानं त्याच्या.
उत्तर तेच उतरत आलं:
'तिकडं बर्फ पडतंय. घसरून जावं म्हणून.'
गाव चार पिढ्या हसत आलं.
टँकरची वाट बघत रांगेत बसलेलं गाव
वर बघून म्हणायचं, 'औंदा पडंल बगा बर्फ.'

मग चौदा सालचा मार्च.
लिंबाएवढ्या गारा.
घरांच्या पत्र्यांची चाळणी, मोसंबी बोडकी,
चिंचेखालचे बगळे जागच्या जागी मेलेले.
जे धावू शकत होते ते चर्चमध्ये शिरले,
सय्यदांची सून, भिल्लांची पोरं,
मारुतीच्या गुरवाची गाभण गाय, शेपटी धरून.
वर एकच आवाज, आदळायचा,
आणि लगेच दुसरा,
लांब, ओला, घरंगळत खाली जाणारा.
चाळीस मिनिटं कुणी काही बोललं नाही.
त्रेपन्न कौलं फुटली. बाकीची तशीच.
बाहेर दोन्ही भिंतींशी गुडघाभर पांढरे ढीग.
बानं चपला काढल्या, त्यात उभा राहिला,
पाय बधिर होईपर्यंत.

पत्रात दुसराही पर्याय दिलाय:
जुनं छप्पर उतरवून सपाट स्लॅब,
खर्च निम्मा.
तक्त्यात उताराचा रकाना आहे, मी साठ भरते.
शेजारी विचारलंय, कारण.
लिहिते: बर्फ.

'वरचं माप राहिलं की,' बा म्हणतो
आणि शिडी लावतो.
तिची मधली एक पायरी नाही.