बाधतं

भडंग लावताना आधी लसूण ठेचतो मी,
मग तेलात कढीपत्ता, मग दाणे.
दाणे तडतडायला लागले
की हरभट रोडच्या कोपऱ्यापर्यंत कळतं,
मल्लू कढईपाशी उभा आहे.

मला दूध बाधतं. सगळ्या पेठेला ठाऊक.
कोजागिरीला अर्धा पेला घेतला
की रात्रभर पोटात ढोल.
सकाळी मित्र विचारतात, "जागरण कसं झालं?"
मीही हसतो. दही चालतं मला, ताक चालतं,
चहातलं दोन चमचे चालतं.
पोटाशी माझा तोंडी करार आहे.

म्हणून शिवलीलेला दाणे बाधतात म्हटल्यावर
मी म्हणालो, बापाचं पोट लेकीला आलं.
पारव्वा आत्या म्हणाली,
"थोडं थोडं देत जा की रं, सवय हुतीया.
भडंगवाल्याची पोर आन् दाण्याला भिणार?"
आमच्या घरात शब्द एकच होता.
त्यात आम्ही दोघांना बसवलं.

गुरुवार होता. तिच्या तळहातावर
मी अर्धा दाणा ठेवला. अर्धाच. सोलून.

आधी ओठ. मग कानामागं गांधी,
मोहरीएवढ्या, बघता बघता रुपयाएवढ्या.
पित्त उठलंय, म्हणत आत्यानं आमसूल भिजवलं,
चोळू लागली.
पाणी लाल, पोरीचं अंग लाल,
मी गोळी शोधत फडताळ उपसतोय.
मग ती म्हणाली, "पप्पा, गळ्यात काहीतरी"
आणि तो आवाज तिचा नव्हता.

मिरजेचा रस्ता त्या दिवशी किती लांब होता
ते रिक्षावाल्या गफूरला विचारा.
मी फक्त तिच्या बरगड्या बघत होतो.

मुजावर मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं.
म्हणाल्या, "दुधातली साखर तुमच्या आतड्याला फोडता येत नाही.
हाल होतात, जीव जात नाही.
पाव पेला का अर्धा, तुमचं तुम्ही ठरवा.
हिचं प्रकरण पोटाचं नाही.
हिचं अख्खं अंग दाण्याला चोर समजून धावतं,
आणि धावताना घरच मोडतं.
इथं पाव नाही, अर्धा नाही.
मागच्या वेळी निभावलं, म्हणून पुढच्या वेळी निभावेल
असा हिशेब मांडू नका."

"सुई आधी. मांडीच्या बाहेरच्या बाजूला.
आडवी ठेवा, दम लागला तर बसू द्या, चालवू मात्र नका.
बरं वाटलं तरी इकडं आणायचंच.
गोळी नंतर. आणि आमसूल..."
त्या जरा थांबल्या.
"आमसूल आमटीत."

सुई भरायला मी संत्र्यावर शिकलो.
आठवडाभर घरात भोकं पडलेली संत्री खाल्ली आम्ही.

आता दुकानाचा शर्ट दुकानातच राहतो.
अंघोळ झाल्याशिवाय तिला उचलत नाही.
दारातच ती विचारते, "पप्पा, हात?"
मी दोन्ही हात दाखवतो, पुढून, मागून,
झडती देतात तसे.

आमच्याकडं कूट म्हणजे दुसरं मीठ.
वांग्यात कूट, काकडीत कूट, तिळगुळात कूट.
लग्नाच्या पंगतीत मी वाढप्याला विचारतो.
तो म्हणतो, "थोडंच हाय हो."
थोडंच.
एवढ्या शब्दाला मी जेवढा घाबरतो
तेवढा कृष्णेच्या पुरालाही नाही घाबरलो.

परवा वर्गात तिनं उभं राहून सांगितलं म्हणे,
"पप्पांना दूध पचत नाही. मला दाण्याची अॅलर्जी आहे.
ते वेगळं, हे वेगळं.
माझे ओठ सुजले तर निळी पिशवी बाईंकडं आहे."
आठ वर्षांची आहे.

काल नवी कढई आणली, घरची, तिची.
नवं तेल, चुरमुरे, लसूण, खोबऱ्याचे काप.
आत्या अजून बोटानं दाणे चाचपते,
"ह्याला भडंग म्हणायचं व्हय?"

शिवलीला मूठ भरून खाते, मिटक्या मारत.
मी घड्याळाकडं बघत उभा,
निळी पिशवी काखेत धरून.
"पप्पा, बसा की," ती म्हणते.

बसतो. दहा मिनिटं होऊ दे.