तिसरी खोली

गंधकाच्या वाफेत, ओल्या दगडी ओट्यावर
बाया पालथ्या पडतात,
आणि मी, त्सियाला, खरखरीत हातमोजा चढवून
एकतीस वर्षं तिबिलिसीचा मळ काढते आहे.

आज आली लामारा. जूनमध्ये बातुमीला निघालीय, समुद्रावर.
मांडी चिमटीत धरून म्हणाली,
हे खळगे जातील घासून?
पिशवीतून बरणी काढली. कॉफीचा चोथा.

घासला. वास छान सुटला.
खळगे जागच्या जागी.

अगं, गादी बघितलीस ना?
टाका खाली ओढतो, मधला कापूस वर येतो.
कातडीखाली आपलेही असेच दोरे, उभे.
पुरुषांचे तिरपे विणलेले, त्यांचं झाकून जातं.
शिवण आईकडची, आजीकडची,
थोडी त्या रसाची, ज्यानं तुला न्हाण आलं.

टाळायचं कसं?
चाल. किल्ल्याचा चढ रोज चढ.
खालचं मांस घट्ट झालं की गादी जरा ताठ बसते.
सिगारेट सोड, कातडीचा पीळ जातो तिनं.
एवढंच. थोडं कमी दिसेल, मिटणार नाही.
डबीतल्या मलमानं फक्त विकणाऱ्याचं घर उभं राहतं.

तुम्ही चढता रोज?
रोज. वर चार मजले घराचे.
मग?

मी झग्याचा काठ उचलला.

ती अशी हसली की घुमट घुमला,
बाहेरून कुणी दार वाजवलं, वेळ संपली म्हणून.

उरलेला चोथा मी
खिडकीतल्या जिरेनियमला घातला.