सोलीव

महापेच्या कंपनीत शिरताना यंत्र म्हणालं,
अंगठा जुळत नाही.
ओढणीला पुसून पुन्हा ठेवला. जुळत नाही.
मागे रांग. रांगेतून सुर्वे म्हणाला,
मॅडम, भांडी फार घासता वाटतं.
मी हसले. भांडी, असंच ठेवलं.

खरं तर अंगठ्यावरच्या रेघा
मीच काल रात्री सव्वाअकरा ते साडेबारा
कोपरखैरण्याच्या भाड्याच्या खोलीतल्या मोरीत
ट्यूबलाइटखाली बसून
दुसऱ्या हाताच्या नखाने सोलल्या होत्या.
उजव्या हाताचं डाव्याला कळू नये म्हणतात,
ते दानाबद्दल.
इथे दोघांनाही सगळं ठाऊक असायचं,
मलाच उशिरा कळायचं,
लाल झाल्यावर.

एक टोक असतं, एवढंसं, उभं राहिलेलं.
ते आहे तोवर दुसरं काहीच नसतं.
ते काढलं की सगळं सपाट होणार,
खांदा, हनुवटी, उद्याची मीटिंग.
मग तिथे दोन टोकं होतात.

मे महिन्यात, चुलतबहिणीच्या हळदीला
मी पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घातला.
तरी कुणीतरी मानेला हळद फासलीच
आणि मी डोळ्यांत पाणी आणून नाचले.
आई म्हणते, जुन्या खपल्या काढू नयेत.
ती काकांबद्दल बोलत असते,
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटबद्दल.
मी बाही खाली ओढते.

कातडीच्या डॉक्टरांनी मलम दिलं,
म्हणाले, हात लावायचा नाही.
हे त्यांनी मला सांगितलं. हाताला नाही.

वाशीच्या तांडेल मॅडमनी
का करतेस असं विचारलंच नाही.
त्यांनी विचारलं,
त्याच्या आदल्या मिनिटाला हात कुठे होता?
मला सांगता येईना.
एवढी वर्षं माझ्याच अंगावर फिरणारा हात
आणि त्याचा पत्ता मला माहीत नाही.

त्यांनी या सगळ्याचं नाव सांगितलं.
लांबलचक होतं, परतताना बसमध्ये विसरले.
पण नाव आहे.
म्हणजे हे आणखी कुणाकुणाला असणार,
घणसोली नाक्यावर चढलेल्या
त्या हातमोजेवाल्या बाईलासुद्धा, कदाचित.

वही केली.
मंगळवार, आईचा फोन, हनुवटी.
गुरुवार, काहीच नाही, नुसता कंटाळा, डावा खांदा.
शनिवार, आनंदात होते. तरीही.
मोरीतली ट्यूब काढून झिरोचा बल्ब लावला.
दोन्ही अंगठ्यांना चिकटपट्टी.
आणि हात निघाला असं कळलं
की मूठ वळायची, मिनिटभर.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात,
माझ्या मुठीत घाम असायचा
आणि साठपर्यंत मोजलेले आकडे.
कधी चाळिसातच सुटायची.

रविवारी घरी गेले. आईने वाल भिजवलेले,
मोड आलेले, कोमट पाण्यात.
चिमटीत धरला की दाणा सटकतो,
साल बोटांत राहते
आणि कुणाला दुखत नाही.
मी बाह्या कधी वर केल्या मला आठवत नाही.
आईने दंड पाहिले.
कधीपासून गं?
बारावीपासून.
ती उठली, आत गेली.
वाटलं, आता रडेल, किंवा देवीला काहीतरी बोलेल.
दुसरं पातेलं घेऊन आली, तेही वालाचं,
माझ्यापुढे ठेवलं.
त्या दिवशी शेजारच्या तीन घरांत बिरडं गेलं.

मार्चएंडला पुन्हा झालं. पोटरी.
वहीत लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.
मॅडम म्हणाल्या, लिहिलंस ना.

मागच्या सोमवारी कंपनीत नवं यंत्र लागलं.
ते चेहरा बघतं, हिरवं होतं, आत सोडतं.
आता माझ्या अंगठ्याची चौकशी करणारं
महापेत कुणी उरलेलं नाही.
रेघा येतायत, हळूहळू,
पहिल्यासारख्याच असतील की नाही कोण जाणे.

आत्ता सव्वाअकरा. झिरोचा उजेड.
बोट फिरवून बघते.
आहे एक टोक,
एवढंसं.
मूठ.