आवक क्रमांक दोनशे चौदा

शोकप्रस्ताव अकरा ओळींत बसवायचा असतो.
जन्म लाखांदूर, शिक्षण नागपूर, वकिली चार वर्षं,
दोनदा निवडून आल्या, तीनदा पडल्या,
राज्यमंत्री: ग्रंथालये, तुरुंग, शासकीय मुद्रणालये,
सतरा महिने.
'त्यांच्या निधनाने' इथपासून पुढे
माझी बोटं दर अधिवेशनात आपोआप धावतात.
यंदा अडली.

वत्सला डोंगरवार. पक्ष इतका लहान
की सगळे आमदार एका अँबॅसिडरमध्ये मावायचे
आणि ड्रायव्हर मत द्यायचा दुसऱ्यांना.
भाषणात त्या 'व्यक्ती' म्हणत.
बाकीचे जनता म्हणत, समाज म्हणत, तमाम बंधू-भगिनी म्हणत;
मी प्रतिवेदक, लघुलिपीत 'व्यक्ती'साठी
एक वेगळी खूण करून ठेवली होती,
दुसऱ्या कुणासाठी ती लागलीच नाही.

मंत्री झाल्या, शिष्टमंडळासोबत स्टॉकहोमला गेल्या.
बाकीच्यांनी काचेची भांडी आणली,
बाईंनी एक गोष्ट:
तिकडे म्हणे मंत्र्याला आलेलं टपाल
कोणीही मागावं, बसून वाचावं,
नावसुद्धा विचारत नाहीत.

त्या डिसेंबरात रवि भवनच्या व्हरांड्यात टेबल लागलं.
आवक एका गठ्ठ्यात, जावक दुसऱ्यात,
वर कन्हानच्या वाळूतले दोन गोटे.
पहिल्या दिवशी फक्त एक कुत्रं आलं.
दुसऱ्या दिवशी सदरचा रद्दीवाला, भाव विचारायला.
मग लोक आले, चष्मे पुसत,
कोण कोणासाठी काय मागतो
ते थंडीत उभ्यानं वाचत राहिले.
ठेकेदाराची चिठ्ठी, एका महाराजांची चिठ्ठी,
संपादकाच्या भाच्याचा अर्ज.
एका कैद्यानं मागितली होती खिडकी असलेली बराक.
ती मिळाली; तो हुकूमही जावकेत होता.

"काऊन जी मॅडम, आमची इज्जत काढता का?"
मुख्यमंत्री नाही म्हणाले, त्यांचा पीए म्हणाला.
"मागताना होती, तर वाचताना कुठं जाते?"
बाईंनी शाल सारखी केली.

टेबल नऊ दिवस टिकलं.
आठव्या संध्याकाळी मी गेलो.
माझंही एक पत्र होतं त्या गठ्ठ्यात:
मुंबईला बदली नको, आई अंथरुणाला खिळली आहे.
आई तेव्हा सीताबर्डीत पायी हिंडत होती,
वहिनीसाठी बांगड्या निवडत.

घडी करून स्वेटरच्या आत सरकवलं.
व्हरांड्यात कोणी नव्हतं.
खिडकीशी बाई होत्या
की नुसता पडदा होता, अजून ठरवता येत नाही.

रजिस्टर नंतर सचिवालयात जमा झालं.
आवक दोनशे चौदा, समोर त्यांचं बारीक अक्षर:
'पत्र टेबलावर नाही. ज्याचं आहे त्याच्याकडे असावं.'

माझी बदली रद्द झाली.
कोणी केली,
त्याची जावक कुठेच नाही.

मार्चमध्ये बाईंनी राजीनामा दिला.
कारणाच्या जागी एकच शब्द, 'वैयक्तिक'.
सभागृह हसलं.
मी कागदावर जुनी खूण काढली,
थोडी लांबवून.

आज सगळे उभे आहेत, दोन मिनिटं.
टेकडी रोडला अडवलेल्या मोर्च्याचा आवाज
आत येतो आहे, तो नोंदवायचा नसतो.
'सदस्य स्तब्ध उभे राहिले'
लिहून मी पेन्सिल ठेवतो.
खिशात चौकोनी घडी, कडांवर फाटलेली.
सकाळी तिकडूनच आलो,
म्हटलं ठेवून द्यावं एकदा जिथल्या तिथं.
टेबल तेच आहे.
त्यावर आता पुष्पगुच्छ ठेवतात,
आणि एक हवालदार विचारतो,
"नाव?"